तंगूस

उसगावच्या वळणावर गाडी पुरती गोल फिरली
आणि थांबली ती साखळीकडं तोंड करून,
जणू म्हणत होती, शाळेला उशीर झालाच आहे, घरीच जाऊ.
मी स्टेअरिंग उजवीकडंच धरून बसले होते.
उजवीकडं आता होता फक्त
टिपरांनी सांडलेला लाल चिखल
आणि सायकल आडवी टाकून धावत आलेला पोदेर.
'बाय, बरी आसा मगे?'
मी म्हटलं, दोन उंडे दे.
दुसरं काही सुचलंच नाही.

गाडी एकोणीस वर्षांची. माझ्या पहिल्या कर्जाची.
भाचा म्हणतो, मावशी, विक ती.
नव्या गाड्यांत असतं ते,
घसरायला लागली की आपली आपण सावरते.
मी म्हटलं, मग तेवढंच बसवून घेते की,
कपाटाला आरसा बसवतात तसं.

कुर्टीला कायतान फुर्तादनं फळीवरून उतरवली
विटेएवढी ॲल्युमिनियमची पेटी, अंगभर भोकं.
हे बघा ते. पण हे एकटं काय करणार?
चारी चाकांना कान हवेत,
स्टेअरिंगच्या दांड्याला डोळा,
मधोमध एक डबी, गाडी खरोखर किती वळली ते सांगणारी.
मग हे बघत राहतं:
बाईंना जायचंय कुठं, आणि बाई चालल्यात कुठं.
फरक पडला, की एकाच चाकाचा ब्रेक दाबतं.
एकाच?
एकाच. कुठल्या, ते त्याला ठाऊक.

पंचवीस वर्षं मी भूगोल शिकवते.
हा प्रश्न मला कुणी इतक्यांदा विचारला असता
तर पहिल्याच तासाला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मग बसव, म्हटलं.
त्यानं मान हलवली.
ह्याच्या डोक्यात त्या दुसऱ्या गाडीचं वजन आहे, बाय,
तिची उंची, तिच्या चाकांमधलं अंतर.
तुमच्या गाडीत घातलं, तर तिलाच सावरायला जाईल
आणि भलतंच चाक धरेल.
मी माझ्या गाडीला बसवलेलं. दोन पावसाळे घालवले त्यात.
त्यानं दार उघडून किल्ली फिरवली.
डॅशबोर्डवर एक इवलीशी पिवळी गाडी
मागं नागमोडी रेषा सोडत पेटली
आणि विझेना.
खाली कोरडी फरशी, चाकाला दगड,
आणि ही रात्रंदिवस घसरतेच आहे.
बायको म्हणाली, चिकटपट्टी लाव वर.
लावली. कडेनं दिसतंच.

आणि ती दुसरी गाडी? जिची ही पेटी?
भंगारात आली.
हे असून?
कायतान पेटी फडक्यानं पुसत राहिला. पुसण्यासारखं काही नव्हतं.
उभी होती ती. फाटकाशी.
मागून टिपर आला.

मग त्यानं माझ्या टायरच्या खाचेत नख घालून पाहिलं.
नख बुडेना.
चार नवे टायर, ब्रेकचं तेल,
मागच्या डाव्या बाजूला काहीतरी बदललं, ज्याचं नाव मी विसरले.
पैसे मोजून झाल्यावर म्हणाला, थांबा,
आणि गळाचं तंगूस दातानं तोडून
पेटीचाच एक नट आरशाला बांधला.
हा जाळीला टेकायला लागला,
की पाय उचलायचा. दाबायचा नाही, उचलायचा.
ह्याचे किती?
त्यानं हात पँटला पुसले.

परतताना तेच वळण डावं होतं.
चिखल तसाच, त्यावर कुणाच्या तरी चाकांचे फराटे.
नट सावकाश माझ्याकडं कलला,
जाळीपासून दोन बोटांवर,
सांगू की नको, असा.
मी पाय उचलला.
मागच्या बसनं केवढा तरी हॉर्न दिला.

दारात गाडी बंद केली तरी तो डोलत होता.
शेजारची सुलक्षा तुळशीपाशी वाकलेली, तिथूनच ओरडली,
काय गो, उतरत का नाहीस?
थांबू दे, म्हटलं.
कोण?
मी काच वर केली.